काजूच्या बागेतल्या लाल मुंग्या पानं गुंडाळतात, त्यांचा कायमचा बंदोबस्त कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की पाच एकर काजूत लाल मुंग्या झाल्यात, पानांचे गोळे करतात, मजूर झाडाखाली यायला तयार नाहीत. ब्राझीलमध्ये निलगिरीच्या लागवडीत मुंग्यांना घालतात ते आमिष इकडे कुठे मिळेल, असंही विचारलंय.

आमिष विसरा. ब्राझीलच्या त्या मुंग्या पानं कापून जमिनीखाली नेतात, त्यांवर बुरशी वाढवतात आणि ती बुरशी खातात. म्हणून तिकडे संत्र्याच्या चोथ्यात सावकाश भिनणारं विष कालवून गोळ्या टाकतात, मुंग्या त्या पानांसारख्याच उचलून आत नेतात. ही जमात फक्त अमेरिका खंडात आहे. तुमच्याकडे आहेत ते हुमले. ते पान खात नाहीत. स्वतःच्या अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने पानं शिवतात, ती राहण्यासाठी. खायला त्यांना किडे लागतात, आणि काजूवाल्याला याहून चांगला राखणदार मिळायचा नाही.

हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे, म्हणून जरा लांबण लावतो. सिंधुदुर्गात आमची डोंगरउताराची वरकस जमीन. वाटणी झाली तेव्हा वरचा भाग चुलतभावाकडे, म्हणजे दादाकडे गेला, खालचा आमच्याकडे, मध्ये चिऱ्यांचा गडगा. दादाला बी गोळा करणाऱ्या बायका मिळेनात, कारण हुमले चावतात. त्यात औषधाच्या दुकानदाराने कान भरले. गणपतीत जेवणाच्या पंगतीतच त्याने जाहीर केलं, "आधी ह्या हुमल्यांका मारूक व्हये." मी म्हटलं, दादा, पालवी यायच्या तोंडावर हे करू नको. तो म्हणाला, तू पुस्तकं वाच. पाऊस ओसरल्यावर त्याने गडग्यापर्यंत क्लोरपायरिफॉस मारलं. हुमले गेले, ते मान्य. झाडं आठवडाभर शांत होती, आणि दादा मला फोन करून करून ते सांगत होता.

मग पालवी फुटली आणि ढेकण्या आला, म्हणजे कोवळ्या कोंबाचा रस शोषणारा किडा. ज्यांची काजू आहे त्यांना हे सांगायला नको: कोवळ्या कोंबावर तपकिरी-काळे डाग, मग कोंब शेंड्याकडून वाळत खाली, मोहोर करपलेला, बारीक बी काळी पडून गळलेली. वरचा भाग विस्तव फिरवल्यासारखा दिसत होता. गडग्याच्या खाली, जिथे हुमल्यांची घरटी होती, त्या झाडांना डाग होते पण तुरळक. ढेकण्या अंडी कोवळ्या कोंबाच्या आत घालतो, तिथे हुमल्यांचं काही चालत नाही. पण बाहेर पडलेली पिल्लं ते पकडतात आणि मोठ्या ढेकण्याला झाडावर निवांत बसू देत नाहीत. दादाने पुढे दोन फवारण्या आणखी केल्या. त्याचा खर्च किती झाला हे आजही सांगत नाही.

याला माझा घरगुती हट्ट समजू नका. चीनमध्ये संत्र्याच्या बागांसाठी याच मुंग्यांची घरटी पिशव्यांत घालून बाजारात विकत असत, त्याचं वर्णन इसवी सन ३०४ च्या सुमाराचं मानतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात काजू आणि आंब्यावर त्यांचा मुद्दाम वापर करून पाहिलाय. आणि उलटी बाजू बघायची असेल तर केरळातलं कासरगोड बघा. तिथे सरकारी मळ्यांतल्या काजूवर याच ढेकण्यासाठी २००० सालापर्यंत वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं. लोकांचं काय झालं ते देशाने पाहिलं, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये बंदी घातली. दादाला हे सांगितलं की तो म्हणतो, माझ्याकडे कुठे हेलिकॉप्टर आहे.

आता तुमच्या मजुरांचं. हुमले सकाळी गारव्यात मंद असतात, तेव्हा बी गोळा करून घ्या. आमच्या बायका हातापायांना चुलीतली राख चोळतात, त्यावर ते नीट चढत नाहीत. पडलेली बी उचलायची, फांद्या हलवत बसायचं नाही. मजुरी थोडी जास्त द्या, औषधापेक्षा स्वस्तच पडते.

ज्या झाडांवर हुमले नाहीत तिथे शेजारच्या झाडावरून सुंभ बांधून वाट करून द्या, पालवीच्या आधी. मात्र दोन वेगळ्या वसाहती जोडू नका, एकमेकांना मारून संपवतात. ओळखायचं कसं? एका झाडावरचे चार हुमले दुसऱ्यावर सोडा, मारामारी झाली तर घरं वेगळी. घरटी कापून भलत्या झाडावर टांगाल तर राणी मागेच राहील आणि आणलेले काही काळाने संपतील.

काही गोष्टी हुमल्यांकडून होत नाहीत. रोठ्यावर, म्हणजे खोड पोखरणाऱ्या अळीवर, त्यांचा काही उपयोग नाही, त्यासाठी बुंध्याशी भुसा आणि डिंक बघत फिरायचं, पटाशीने साल काढून अळी बाहेर काढायची. शिवाय ते गोड चिकट्यासाठी पिठ्या ढेकूण आणि खवले कीड सांभाळतात. पानांवर काजळी चढली तर त्या फांद्या छाटा. आंब्यात मात्र माझं मत इतकं ठाम नाही, तिथे तोडणी झाडावर चढून होते आणि फळावर त्यांच्या आम्लाचे डागही पडतात.

आणि दादाची बाजूही सांगतो, नाहीतर तो इथे येऊन लिहील: त्याचं म्हणणं, खालच्या जमिनीला ओल जास्त, तिथली झाडं तशीही तगडी. असेल. मग गडग्याला लागून असलेल्या त्याच्या शेवटच्या ओळीवर आमचे हुमले परत चढलेत, तेवढी ओळ यंदा फवारू नको, एवढंच मी त्याला म्हणतोय. तुम्हीही फवारायचंच ठरवलंत तर हुमले नसलेली झाडं आधी खुणेने बाजूला काढा आणि तेवढ्यांवरच मारा.