मेशुगाचा ‘आय’ कोणत्या तालात आहे, आणि सहा तारांच्या गिटारवर बसतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: मेशुगा या स्वीडिश मेटल बँडचं ‘आय’ हे २१ मिनिटांचं एकच गाणं कोणत्या तालात आहे, आणि ते बसवायला आठ तारांची गिटार घ्यावीच लागेल का. तालापासून सुरू करतो. असा प्रश्न दिसला की कुणीतरी येऊन ‘ही तर आपली तिहाई’ असं लिहून जातं आणि खाली पन्नास जण माना डोलावतात. हा वाद मी वर्षानुवर्षं घालतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

‘आय’ चार मात्रांत आहे. सुरुवातीचा भाग सोडला (त्याबद्दल पुढे), तर पुढच्या बहुतेक रिफना (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांना) हे लागू पडतं. ड्रमर टोमास हाकेचे हात साध्या फोर-फोरमध्ये (चार-चार मात्रांचे बार, म्हणजे खंड) चालतात: एक हात झांजेवर प्रत्येक मात्रेला, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) बहुधा बारच्या तिसऱ्या मात्रेवर. विषम असतं ते पायांचं आणि गिटारचं चक्र. ‘हे तेवीस मात्रांचं आहे’, ‘हे सतराचं आहे’ असं म्हणणारे फक्त गिटार ऐकत असतात.

हे बँडच्याच दुसऱ्या गाण्यावरून दाखवतो, कारण तिथला हिशेब स्वच्छ आहे. ‘केऑस्फिअर’ (१९९८) या अल्बममधल्या ‘न्यू मिलेनियम सायनाइड क्राइस्ट’चा मुख्य रिफ २३ सिक्स्टीन्थचा (सिक्स्टीन्थ म्हणजे पाव मात्रा) आहे. तो पाच वेळा पूर्ण येतो, मग १३ सिक्स्टीन्थचा एक तुकडा येतो आणि पुन्हा पहिल्यापासून. २३ गुणिले ५ म्हणजे ११५, अधिक १३, एकूण १२८. म्हणजे फोर-फोरचे बरोबर आठ बार.

आता तिहाईचं. तिहाईत तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवटचा बोल समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) पडेल असा हिशेब आधीच केलेला असतो. तिथे सम गाठायची असते. इथे चक्र समेकडे बघतही नाही. आठ बार संपले की सहावा फेरा असेल तिथे कापला जातो, २३ पैकी १० सिक्स्टीन्थ टाकून दिले जातात. ऐकणाऱ्याला जो धक्का बसतो तो या कापण्यामुळे. त्यामुळे तिहाई पक्की असलेला तबलजी हे आपोआप वाजवेल असं समजू नका. त्याला समेकडे झुकायची सवय असते, आणि इथे शेवटच्या ठोक्यापर्यंत झुकायचं नसतं.

मात्र तबल्याचं ॲप सरावाला फार कामाचं आहे. आठ बार म्हणजे ३२ मात्रा, म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं. मेट्रोनोमची टिकटिक सगळीकडे सारखीच वाजते, त्यात तुम्ही कुठल्या बारात आहात ते कळत नाही. ठेक्यात खाली (नवव्या मात्रेची हलकी जागा) असते, त्यामुळे जागा कळते. ॲपवर तीनताल ६० ला लावा, एका मात्रेत चार ठोके धरा आणि २३ चं चक्र तोंडाने म्हणा. सरावासाठी माझी विभागणी अशी: ३, ३, ३, २, ३, ३, ३, ३ (ही मूळ गाण्यातली नाही). प्रत्येक गटाचा पहिला ठोका ठासून, बाकीचे हलके. फेरे कुठे सुरू होतात ते पाठच करा:

पहिला समेवर. दुसरा सहाव्या मात्रेच्या चौथ्या ठोक्यावर. तिसरा बाराव्या मात्रेच्या तिसऱ्यावर. चौथा दुसऱ्या आवर्तनात, दुसऱ्या मात्रेच्या दुसऱ्या ठोक्यावर. पाचवा दुसऱ्याच आवर्तनाच्या आठव्या मात्रेवर, अगदी मात्रेच्या डोक्यावर. तेरा ठोक्यांचा तुकडा तेराव्या मात्रेच्या चौथ्या ठोक्यावर.

माणसं पडतात ती पाचव्या फेऱ्याला. चार फेरे म्हणजे ९२ ठोके, आणि ९२ ला चारने पूर्ण भाग जातो. त्यामुळे इतका वेळ मात्रेच्या आजूबाजूला घुटमळणारा रिफ अचानक मात्रेवर येऊन बसतो. कानाला वाटतं सम आली. खरं तर तुम्ही सहाव्या बारच्या चौथ्या मात्रेवर असता. तिथे ‘एक’ म्हणालात की पुढचे दोन बार गेले, आणि बँडमधले बाकीचे तुमच्याकडे बघायला लागतात. ठेका लावलेला असेल तर लगेच पुढच्याच मात्रेला खाली येते आणि चूक तिथल्या तिथे कळते.

‘मोजू नका, फील करा’ हा सल्ला देणाऱ्यांना एक विनंती: नवशिक्याला हे सांगू नका. फील येतो, पण आधी मात्रा पायात बसावी लागते आणि रिफ तोंडात. पायाने मात्रा, तोंडाने रिफ, दोन्ही एकदम, गिटार खाली ठेवून. रिफ मोजायचाच नाही. रिफ बोलासारखा पाठ हवा आणि मोजायच्या त्या मात्रा. बरेच जण उलटं करतात: रिफ मोजतात, मात्रा ड्रमरवर सोपवतात, आणि ड्रमरने झांज बदलली की हरवतात.

टॅबवर (तार आणि फ्रेटचे आकडे लिहिलेल्या नोटेशनवर) शिकत असाल तर आधी तो टॅब दुरुस्त करा. नेटवरचे बरेच टॅब प्रत्येक बारला वेगळं टाइम सिग्नेचर लिहितात: सात-आठ, नऊ-सोळा, पुन्हा सात-आठ. कागदावर ठोके बरोबर असतात, पण स्नेअर कुठे पडतो ते दिसत नाही, आणि स्नेअरच तर धरायचा आहे. टॅब-एडिटरमध्ये सगळं फोर-फोरमध्ये ओढून घ्या. टाय आणि तुटलेल्या नोटा दिसायला घाण दिसतील, दिसू देत.

हात. सिक्स्टीन्थचा रिफ सलग अल्टरनेट पिकिंगने (एकदा खाली, एकदा वर) वाजवला तर विषम क्रमांकाचे ठोके डाउनस्ट्रोकने येतात आणि सम क्रमांकाचे अपस्ट्रोकने. चक्र २३ चं, म्हणजे विषम, त्यामुळे दुसरा फेरा २४ व्या ठोक्यावर, अपस्ट्रोकने सुरू होतो. तिसरा डाउन, चौथा अप, पाचवा डाउन, शेवटचा तुकडा अप. म्हणजे तोच रिफ तुम्हाला दोन्ही बाजूंनी यायला हवा. प्रत्येक फेरा डाउनने सुरू करायची सवय लागली तर दोन डाउन लागोपाठ येतात, आणि वेग ११० च्या पुढे गेला की तिथेच हात अडखळतो. उपाय सरळ आहे: रिफ आठवडाभर फक्त अपस्ट्रोकने सुरू करून वाजवा. विरामातही मनगट चालूच ठेवा, तारेला न लागता.

आता तुमची आठ तारांची काळजी. घाई करू नका. बँडचं ट्युनिंग आठ तारांच्या नेहमीच्या ट्युनिंगपेक्षा अर्धा सूर खाली आहे, सर्वांत खालची तार एफ, ४३.६५ हर्ट्झ. बासच्या खालच्या ई पेक्षा (४१.२ हर्ट्झ) फक्त एक सेमीटोन वर. तुमच्या सहा तारांच्या गिटारची ई (८२.४ हर्ट्झ) सैल करत तिथवर नेली तर मूळ ताणाच्या सुमारे २८ टक्केच ताण उरतो. ती तार वाजत नाही, लोंबते. त्यामुळे तेवढं खाली जायच्या भानगडीत पडू नका. १२-६० चा सेट (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) टाका, सगळी गिटार सी ला उतरवा आणि तेच रिफ तिथे शिका. मूळ गाण्यापेक्षा तुम्ही सात सेमीटोन वर असाल. गाण्याबरोबर वाजवायचं तर रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणंच सात सेमीटोन वर चढवा आणि वेग ७० टक्क्यांवर आणा. आवाज विचित्र येतो, पण ठोके स्वच्छ ऐकू येतात. गिटार खाली आणणारा पिच-पेडल इथे टाळा. जलद पाम-म्यूटमध्ये (तळहाताने तार दाबून वाजवताना) त्याचा उशीर बोटांना जाणवतो आणि ठोक्याची धार जाते.

जाड तार टाकताना नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) तपासा. ४६ च्या खाचेत ६० ची तार नीट बसत नाही. ट्युनिंग करताना ‘टक्’ असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर तार खाचेत अडकते आहे. खाच रुंद करायची, खोल नाही. कानस चालवायची सवय नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या. इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं) लावताना बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा चढा येत असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे न्या. जाड तारेला सॅडल शेवटपर्यंत नेऊनही कमी पडलं तर त्या स्क्रूवरची स्प्रिंग काढा, थोडी जागा मिळते. आणि सूर हळू छेडून लावू नका. सैल तार जोरात मारली की पहिल्या क्षणी चढते. ज्या जोराने रिफ वाजवणार त्याच जोराने मारून ट्यूनर बघा.

आठ तारा नसतील तर ‘खरा’ आवाज येत नाही म्हणणाऱ्यांसाठी: ‘नथिंग’ (२००२) या अल्बमसाठी बनवून घेतलेल्या आठ तारांच्या गिटार नीट चालत नव्हत्या, म्हणून बँडने तो सात तारांच्या गिटार खाली उतरवून रेकॉर्ड केला. आठ तारांवर वाजवलेली आवृत्ती २००६ मध्ये आली. त्या चार वर्षांत ‘नथिंग’ ऐकून किती जणांनी बँड काढले असतील. त्यांना हा ताल सात तारांवरच भेटला.

आठ तारांची गिटार घ्यायचीच असेल तर तारांच्या संख्येआधी स्केल (तारेची वाजणारी लांबी) बघा. त्याच जाडीच्या तारेचा त्याच सुरावरचा ताण लांबीच्या वर्गाने वाढतो. साडेपंचवीस इंचांवरून सत्तावीसवर गेलात तर सुमारे १२ टक्के जास्त, आणि सत्तावीसवरून २९.४ वर गेलात (आयबानेझच्या एम-एट-एम या बँडच्या सिग्नेचर मॉडेलचं स्केल) तर आणखी १८-१९ टक्के. साडेपंचवीस इंचांच्या आठ तारांच्या गिटारवर एफ हवा असेल तर तार इतकी जाड घ्यावी लागते की आवाज बोथट होतो. बोटं आखूड असतील तर २९.४ इंचांवर पहिल्या चार फ्रेटमध्ये ताण येतो, म्हणून बहुतेकांना सत्तावीसच बरी.

ॲम्पवर गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी ठेवा. डिस्टॉर्शनच्या आधी ट्यूब-स्क्रीमरसारखा पेडल, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल वर, म्हणजे खालचा गाळ आधीच कमी होतो. नॉइज गेटला डिस्टॉर्शननंतरचा सिग्नल देऊन ठोक्यांमधली शांतता मिळत नाही. गिटारमधून थेट आलेला कोरा सिग्नल (डीआय) वेगळा घ्या आणि त्यानेच गेट उघडा-मिटा. मिक्समध्ये गिटारचा ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापा, ती जागा बासची.

सुरुवातीच्या भागाचं राहिलं. तिथे एकच खालचा सूर, तुटक गटांत, मध्ये विराम. त्यात २३ सारखं चक्र शोधत बसू नका. गाणं डीएडब्ल्यूत (रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये) घ्या, वेव्हफॉर्मवर प्रत्येक गटाला मार्कर लावा, गटात किती ठोके आणि विराम किती लांब एवढंच लिहून काढा आणि पाठ करा. कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पर्याय नाही. म्हणूनच गाणं पहिल्यापासून शिकायला बसू नका. मधला एखादा ठाशीव रिफ निवडा, स्नेअर सापडेल असा, आणि तिथून दोन्ही बाजूंनी वाढवत जा. शांत, विरळ गिटारचे भाग शेवटी घ्या.

‘ईपी आहे, दोन अल्बममधला टाइमपास’ (ईपी म्हणजे अल्बमपेक्षा छोटं रेकॉर्ड) असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. ‘आय’नंतर पुढच्या वर्षी, २००५ मध्ये आलेला ‘कॅच थर्टीथ्री’ म्हणजे तेरा ट्रॅकमध्ये वाटलेलं एकच सलग ४७ मिनिटांचं काम. एक कल्पना न तोडता लांबवर नेणं हे बँडने ‘आय’मध्ये आधी केलं होतं.

तीनतालाची युक्ती सगळ्या रिफना लागणार नाही. काही ठिकाणी तुकडा चार बारांत कापला जातो, तिथे एकच आवर्तन धरा. कुठे कापलाय ते स्नेअरवरून मोजून काढा, गिटारवरून नाही. आणि नव्या तारा टाकल्यावर एक दिवस थांबून मानेचा बाक पुन्हा तपासा. ताण बदलल्यावर मान लगेच स्थिर होत नाही, आणि आज लावलेलं इंटोनेशन उद्या हललेलं असतं.