रात्री अडीच वाजता ५१

सरांनी वही उघडून माझ्यासमोर सरकवली. पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, वेळ, ठोके, शेरा. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, आकडे कसे एकाखाली एक. पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारं छोटं यंत्र, बसवून १९ दिवस झाले होते. बहुतेक ओळींत ६०, ६४, ७१ असंच काहीतरी. मग एकदम लाल शाई: रात्री २.३०, ठोके ५१. त्याखाली २.४०, ठोके ५०. पुढच्या तीन रात्रीही तेच. शेऱ्यात एकच शब्द, ‘बंद?’

“मशीन ६० च्या खाली जाऊच देत नाही, हे तुमचं वाक्य,” सर म्हणाले आणि त्यांनी वहीचं पहिलं पान काढून दाखवलं. होतं खरं, तारखेसकट.

हृदयरोग विभागात समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे पेसमेकरचे पेशंट माझ्याकडे बहुधा दोनदा येतात. आधीची भीती ऑपरेशनची असते. नंतरची निराळीच: आत सगळं नीट चाललंय ना, माझ्या हातून ते बिघडणार तर नाही ना? ‘रात्री झोप नाही, सारखं लक्ष तिकडेच’ ही तक्रार इतक्यांदा ऐकते की सरांची गोष्ट सांगावीशी वाटली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत सगळं काकूच बोलत होत्या. जिन्यात दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली, दुसऱ्यांदा सर पडलेच. ईसीजीत ठोके ३६. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघणारा विजेचा निरोप खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नव्हता. खालचे कप्पे आपले आपण, रेंगाळत चालले होते. याला कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात. ‘ब्लॉक’ या शब्दाने पुष्कळ जण फसतात. रक्तवाहिनीतला अडथळा वेगळा आणि हा वेगळा. इथे अँजिओप्लास्टीचा उपयोग नसतो.

काकूंचे प्रश्न संपल्यावर सर पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाले, “मशीनवर जगण्यात काय अर्थ आहे?”

अशा वाक्यावर समजुतीचं बोलून काही होत नाही. मी त्यांना आर्ने लार्सन यांची हकिकत सांगितली. संपूर्णपणे शरीराच्या आत बसवलेला पहिला पेसमेकर त्यांचा. ८ ऑक्टोबर १९५८, स्वीडनमधली कॅरोलिन्स्का संस्था. तो पहिला पेसमेकर काही तासांतच बंद पडला. पुढे त्यांनी वीसहून जास्त पेसमेकर वापरले आणि २००१ साली वयाच्या ८६ व्या वर्षी गेले, तेही हृदयविकाराने नव्हे. “पहिला बसवला तेव्हा वय किती?” सरांनी विचारलं. ४३, मी म्हटलं. त्यांनी मनात वजाबाकी केली. “म्हणजे बरोब्बर निम्मं आयुष्य.” एवढंच. पण खुर्ची माझ्याकडे वळवून बसले.

त्याच बैठकीत एक गोष्ट बाहेर आली. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी सरांनी चार दिवसांपासून स्वतःच बंद केली होती, ‘ऑपरेशन आहे म्हणून’. मी बोलणं तिथेच थांबवून डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी सरांना त्यांच्याच भाषेत समजावलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वॉरफरिन चालू ठेवून उपकरण बसवलेल्यांपैकी ३.५ टक्के जणांच्या जखमेत लक्षणीय रक्त साकळलं. गोळी थांबवून मधल्या काळात हेपरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं इंजेक्शन, दिलेल्यांमध्ये हे प्रमाण १६ टक्के होतं. म्हणजे काही गोळ्या मुद्दाम चालू ठेवतात, काही थांबवतात. कुठली काय, ते ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवतात. मधुमेहाच्या गोळ्यांचंही तसंच, कारण त्या दिवशी काही तास उपाशी राहावं लागतं. बाकी तयारी अशी विशेष नसते. सांगितल्या साबणाने अंघोळ, आणि अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगणं.

ऑपरेशन त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा बरंच साधं निघालं. छाती उघडत नाहीत, हे ऐकूनही त्यांना खरं वाटलं नव्हतं. कॉलर बोनखाली तेवढ्या भागाला भूल, छोटा छेद, शिरेतून एक्स-रेच्या पडद्यावर बघत दोन तारा हृदयात सोडायच्या, टोकं आत रोवायची आणि पेसमेकरचा डबा कातडीखाली केलेल्या खिशात ठेवून टाके घालायचे. सर जागेच होते. “दुखलं नाही, पण कुणीतरी बॅग कोंबतंय असा दाब आला,” हे त्यांचं वर्णन मी आता इतरांनाही सांगते, कारण त्या दाबानेच लोक घाबरतात. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, पेसमेकर तपासला आणि घरी सोडलं.

घरी गेल्यावर खरी गंमत.

त्या १९ व्या दिवशी सर खोलीत शिरले तेव्हाच मला हात दिसला होता. डावा हात कुशीला घट्ट, काखेत कसलीशी फाइल दाबून धरल्यासारखा. शर्टाची बटणं काकू लावत होत्या. हात खांद्याच्या वर नेऊ नका, जड उचलू नका, असं त्यांना चार ते सहा आठवड्यांसाठी सांगितलं होतं, कारण तारांची टोकं आत पक्की धरायला तेवढा वेळ लागतो. सरांनी त्याचा अर्थ ‘हलवूच नका’ असा घेतला. खांदा आखडायला लागलाच होता. पेसमेकर उत्तम आणि खांदा जाम झालेला, असे पेशंट मी बरेच पाहिले आहेत. कोपर, मनगट, बोटं हलवायची, खांद्याच्या खाली हात हवा तसा वापरायचा. बटणं लावायला काहीच हरकत नव्हती. काकूंनी शांतपणे विचारलं, “म्हणजे इतके दिवस मी उगाच?” सर भिंतीकडे बघत राहिले.

काकूंनीही काही कमी केलं नव्हतं. मोबाइल खोलीबाहेर, मायक्रोवेव्ह बंद. मायक्रोवेव्हने काही होत नाही. मोबाइल पेसमेकरपासून साधारण १५ सेंटिमीटर लांब ठेवायचा, उजव्या कानाला लावायचा, डाव्या खिशात ठेवायचा नाही, बस. जपायचं ते लोहचुंबकापासून. एमआरआय किंवा दुसरं कुठलं ऑपरेशन ठरलं, तर आधी पेसमेकरचं कार्ड दाखवायचं.

पण वहीतल्या लाल शाईचं काय? ‘काही नसेल हो’ म्हणायचा मोह मला झाला होता, खोटं कशाला बोलू. पण आकडा खाली जाण्याचं कारण तार सरकणं हेही असू शकतं, आणि ते ठरवणं माझं काम नाही. चक्कर येते का, डोळ्यांपुढे अंधारी, सारखी उचकी, जखमेवर लाली, सूज, ताप? सगळ्याला नाही. यातलं एक जरी ‘हो’ असतं तर त्यांना आधी डॉक्टरांकडे धाडलं असतं. मग आम्ही तिघं पेसमेकर तपासणीच्या खोलीत गेलो. तंत्रज्ञांनी कातडीवर पेसमेकरमधली माहिती वाचणारं यंत्र, प्रोग्रामर, धरलं, पडद्यावर रेघा उमटल्या. तारा जागेवर, बॅटरी भरलेली. आणि खाली एक ओळ: किमान वेग दिवसा ६०, रात्री ११ ते सकाळी ६ या वेळेत ५०.

निरोगी माणसाचं हृदयही झोपेत संथ होतं, म्हणून काही पेसमेकरांमध्ये रात्रीचा वेग वेगळा ठेवायची सोय असते. सरांच्या पेसमेकरमध्ये ती चालू केलेली होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी तर उलटच सांगून बसले होते, धीर द्यायला म्हणून एक गोळीबंद वाक्य. त्या वाक्यापायी माणूस चार रात्री मनगटावर बोटं ठेवून बसला होता. मी माफी मागितली. सरांनी वहीत ‘रात्री ५०’ लिहून माझ्या जुन्या वाक्यावर काट मारली. आता मी प्रत्येकाला एवढंच सांगते, की तुमचा किमान वेग दिवसाचा किती आणि रात्रीचा किती ते विचारून लिहून घ्या. दोन पेशंटचे आकडे सारखे असतीलच असं नाही.

काकू औषधं आणायला गेल्या तेव्हा सर म्हणाले, “एक विचारू? हे ठोके देतच राहणार. मग मला मरण कसं येणार?”

हा प्रश्न फार जण विचारतात, आणि घरचं माणूस बाहेर गेल्यावरच विचारतात. मी सांगितलं, पेसमेकर फक्त निरोप देतो, ठोका स्नायू देतो. शेवट येतो तेव्हा स्नायू निरोपाला दाद देत नाही. यंत्र मरण लांबवत नाही, अडवून धरत नाही. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पहिल्या दिवशी हेच विचारायचं होतं.”

दोन महिन्यांनी पुन्हा आले, तेव्हा वही होतीच. ठोक्यांचे रकाने गेले होते. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर ते भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम करत होते, आणि रोजची उंची सेंटिमीटरमध्ये लिहीत होते. शेवटच्या चार ओळी लाल.

“१६२ वर अडकलंय,” ते म्हणाले. काकूंनी कपाळाला हात लावला.