साठी, नाठी आणि अल्झायमर

प्रश्न असा आला आहे: "अल्झायमरला मराठीत काय म्हणावं? स्मृतिभ्रंश, विस्मरण की म्हातारचळ? आणि 'साठी बुद्धी नाठी' म्हणतात ती हीच अवस्था का?"

आधी कानात रुतलेलं एक कुसळ काढतो. 'अल्झायमर्सचा आजार' म्हणू नका हो! त्यातला 'स' हा इंग्रजी षष्ठीचा, त्याला आपण वर 'चा' लावतो. झालं काय, 'अल्झायमरच्याचा आजार'.

विस्मरण तुम्हा-आम्हा सगळ्यांनाच होतं. म्हातारचळ हा शब्द हल्ली भलत्याच चाळ्यांसाठी वापरतात, तो सोडा. स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया, म्हणजे लक्षणांचा समूह. अल्झायमर हे त्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण. दोन्ही एकच समजून छापणं म्हणजे ताप आणि मलेरिया एकच समजणं.

आता खरी गंमत 'नाठी'त आहे. एका व्याख्यानात एका विद्वानांनी ठासून सांगितलं की नाठी म्हणजे 'न आठवणारी'. टाळ्याही पडल्या. साफ चूक. संस्कृत 'नष्ट', प्राकृत 'नट्ठ', त्यातून मराठी 'नाठ'. बुद्धी स्त्रीलिंगी म्हणून नाठी. दृष्टीची दिठी झाली, मुष्टीची मूठ झाली, त्याच वाटेने. आणि साठ? षष्टि, सट्ठि, साठ. म्हणजे संस्कृतात षष्टि-नष्ट, प्राकृतात सट्ठि-नट्ठ, मराठीत साठी-नाठी. भाषा बदलली, पण यमक तिन्ही मुक्कामांवर शाबूत! मला तर वाटतं ही म्हण मराठीपेक्षा जुनी असावी. पुरावा मागू नका, कान पुरेसा आहे. 'नाठाळ'ही याच घरातला असावा असा माझा जुना संशय आहे.

(जाता जाता: षष्टि म्हणजे साठ, षष्ठी म्हणजे सहावी. निमंत्रणपत्रिकांवर 'षष्ठ्यब्दिपूर्ती' छापून काकांना सहा वर्षांचे करू नका.)

म्हणीतल्या 'बुद्धी नाठी'ची थोरली बहीण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भेटते: 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशः'. एवढ्यावरून गीतेत अल्झायमर सापडला असे संदेश फिरवणाऱ्यांनी आधीची ओळ वाचावी. तिथे साखळी क्रोधातून येते, वयातून नव्हे. भ्रंश म्हणजे घसरणं, निसटणं; अपभ्रंशातला तोच. शब्द चांगला आहे, पण तो आपण डिमेन्शियासाठी नंतर कामाला लावला.

हां, तुमचा प्रश्न. म्हण आजाराला लावू नये, कारण अल्झायमर साठीची वाट पाहतोच असं नाही. डॉ. अलोइस अल्झायमर यांनी 1901 मध्ये फ्रँकफुर्टला तपासलेल्या ऑगुस्ट डेटर या बाई 51 वर्षांच्या होत्या. त्या वारल्यावर 1906 मध्ये डॉक्टरांनी या बाईंच्या मेंदूतल्या गाठी आणि प्रथिनांचे साठे दाखवले. आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी, 1910 मध्ये.

शिवाय म्हणीमुळे घरचे डॉक्टरकडे जातच नाहीत. 'वय झालं, साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे. बी-12 ची कमतरता किंवा थायरॉइडची गडबड असेल तर विसरण्यावर इलाज होऊ शकतो. ते तपासायचंच राहून जातं. अल्झायमर मात्र बरा होत नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधं काहींना काही काळ आधार देतात, पण मूळ आजार थांबवत नाहीत. लेकानेमॅबसारखी नवी औषधं मेंदूत साठलेलं अमायलॉइड हे प्रथिन कमी करतात आणि सुरुवातीच्या टप्प्यात घसरण थोडी मंदावतात. मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून मधूनमधून एमआरआय करावा लागतो.

तेव्हा अल्झायमरला अल्झायमरच म्हणा. आडनाव आहे ते, त्याचा अनुवाद कसला करता? फक्त तो 'स' तेवढा काढा.