रस्त्याचं नाव बजेटमध्ये आलं, तरी काम का सुरू होत नाही?

तुम्ही विचारलंय की यावल तालुक्यातल्या तुमच्या रस्त्याचं नाव बजेटमध्ये आलं, अभिनंदनाचे बॅनर लागले, तरी अजून खडीसुद्धा पडलेली नाही. मग आमदार रस्त्यांना पैसे देतात ते ठरतं कसं? माझी नोकरी बांधकाम खात्यात, बहुतेक सगळी जळगाव-धुळे पट्ट्यात, रस्त्यांची अंदाजपत्रकं करण्यात गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रस्ता कुणाचा आहे ते बघा. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग ५३ केंद्राचा. चाळीसगावच्या वरचा कन्नड घाटही केंद्राचा. तिथे आमदार पाठपुरावा करू शकतात, पैसा दिल्लीतून सुटतो. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग, म्हणजे आमच्या भाषेत प्रजिमा, हे बांधकाम खात्याचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. त्यांना बराचसा पैसा पालकमंत्री अध्यक्ष असलेल्या जिल्हा नियोजन समितीतून मिळतो आणि तो कधीच पुरत नाही. म्हणून जाणती गावं आधी दर्जोन्नती मागतात. रस्ता प्रजिमा झाला की राज्याच्या बजेटचं दार उघडतं.

आता विधानसभा. मार्चमध्ये बजेट मांडलं जातं, मग खात्यावार मागण्या, म्हणजे कुठल्या खात्याला किती पैसे द्यायचे त्याचे प्रस्ताव, मतदानाला येतात. पण घटनेच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे सभागृह मागणी मंजूर करू शकतं, नाकारू शकतं किंवा कमी करू शकतं. वाढवू शकत नाही. म्हणजे भाषण कितीही जोरदार झालं तरी त्या दिवशी तुमच्या रस्त्याला एक रुपया जास्त मिळत नाही. खरं काम त्याआधीच होऊन गेलेलं असतं. हिवाळ्यातच आमदारांची पत्रं कार्यकारी अभियंत्याकडे आणि मंत्रालयात जायला लागतात, शाखा अभियंता घाईने अंदाजपत्रक करतो, यादी अधीक्षक आणि मुख्य अभियंत्यांकडून वर जाते, तिथे कापाकापी होते आणि उरलेली कामं बजेटच्या पुस्तकात छापून येतात. रस्त्यावर किती गाड्या धावतात याची गणना खातं करतं. पण यादी ठरताना आमदाराचं वजन जास्त चालतं आणि वाहनगणना मागे पडते. हे चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्चमध्ये राहिलेली कामं पुरवणी मागण्यांतून, म्हणजे बजेटनंतर मागितलेल्या जादा पैशातून घुसतात, जुलैत मुंबईला नाहीतर डिसेंबरात नागपूरला. जुलै २०२४ मध्ये सगळ्या खात्यांच्या मिळून एकट्या पुरवणी मागण्याच ९४,८८९ कोटींच्या होत्या, आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती.

तुमचं काम बहुधा अडकलंय ते तरतुदीत. त्या पुस्तकातली एक ओळ वाचायला शिका. समजा लिहिलंय: ‘प्रजिमा अमुक, किमी १२/०० ते १८/५००, रुंदीकरण व डांबरीकरण’. पुढे एका रकान्यात कामाची किंमत, समजा ६ कोटी. त्याच्याही पुढे चालू वर्षाची तरतूद, ती फक्त काही लाख. हिला टोकन तरतूद म्हणतात. बॅनरवर ६ कोटी छापतात, तिजोरीतून यावर्षी सुटणार असतात ते काही लाखच. असं शंभर कामांचं झालं की निविदा काढूनही ठेकेदार काम रेंगाळत ठेवतो, कारण बिल निघेल याची त्याला खात्री नसते. थकीत बिलांसाठी राज्यभरातल्या ठेकेदारांनी आंदोलनं केली आहेत. त्यात सरकार बदललं तर आणखी वेगळी अडचण: २०२२ मध्ये आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कितीतरी कामांना स्थगिती मिळाली आणि लोक हायकोर्टात गेले.

अजून एक गोष्ट, जी मला मनापासून सलते. रस्त्यांची दोन लेखाशीर्षं, म्हणजे खर्च ज्या खात्यावर टाकतात त्याचे क्रमांक, झेडपीत चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येतात: ५०५४ आणि ३०५४. पहिल्यातून नवं बांधकाम, रुंदीकरण, पूल. दुसऱ्यातून देखभाल-दुरुस्ती. नारळ फुटतो तो ५०५४ चा, म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं. पण आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीत रस्ता जगतो तो ३०५४ वर. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. साइडपट्टी भरलेली नसेल, गटार बुजलेली असेल, तर पाणी डांबराच्या कडेने आत शिरतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत कडा तुटून रस्ता निम्मा उरतो. मग रावेर-यावलहून केळी भरून निघालेला ट्रक खड्ड्यात आदळतो, घड घासले जातात, सालीवर काळे डाग पडतात आणि भाव कापला जातो तो शेतकऱ्याचा. वेळेवर गटार काढली असती तर थोडक्यात भागलं असतं. देखभालीचे पैसे मागणारं आमदाराचं पत्र माझ्या टेबलावर फार क्वचित आलं.

आमदार निधीवर भिस्त ठेवू नका. वर्षाला ५ कोटी, आणि त्यात अख्ख्या मतदारसंघाच्या शाळाखोल्या, सभामंडप, गल्ल्या. मोठ्या पुलांसाठी नाबार्डचं कर्ज असतं. नंदुरबारकडे, अक्कलकुवा-धडगावला आदिवासी उपयोजनेचा वेगळा पैसा आहे. यावलच्या सातपुड्याकडच्या पाड्यांनाही त्यातून मागता येतं.

तुम्ही आता असं करा. रस्ता प्रजिमा किंवा राज्य महामार्ग असेल तर बांधकाम विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज टाका. जिल्हा परिषदेचा असेल तर तिथल्या बांधकाम विभागाकडे. लेखाशीर्ष, प्रशासकीय मान्यतेची रक्कम आणि तारीख, वर्षनिहाय तरतूद, झालेला खर्च, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा हुकूम) आणि दोषदायित्व कालावधी (रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत), एवढंच विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कार्यारंभ आदेश निघाला असेल तर उपअभियंत्याला गाठा. निघालाच नसेल तर ग्रामसभेचा ठराव जोडून डिसेंबरच्या अधिवेशनाआधी आमदारांकडे जा आणि लेखी मागा: नाव आलंय, आता तरतूद वाढवून द्या.