भाषा येत नसताना ‘झ्रिन्स्की’ची रेकॉर्ड ऐकण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की ‘निकोला शुबिच झ्रिन्स्की’ हा क्रोएशियन ऑपेरा भाषा कळत नसताना नुसता ऐकून काही हाती लागेल का, आणि इटालियन संगीतकार व्हर्दी ऐकून झालेल्या माणसाला त्यात नवीन काय मिळणार. पहिल्याचं उत्तर, हो. दुसऱ्यासाठी मात्र मी मुद्दाम लिहायला बसलो, कारण हेच वाक्य मी कित्येक वर्षं घरात ऐकत आलोय.

१९८६ मध्ये आमचं जहाज दुरुस्तीला क्रोएशियातल्या रिएका बंदरात लागलं होतं. मी थर्ड इंजिनियर. गोदीतला फोरमन साठीचा, पाना चालवताना सारखी एकच चाल गुणगुणायचा. एका रविवारी त्याने जेवायला बोलावलं. जेवण उरकलं, रेकॉर्ड लावली, पुस्तिका मांडीवर घेतली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून मोडक्या इंग्रजीत सांगत गेला. शेवटची बाजू लागली तशी त्याने पुस्तिका मिटली आणि उठून उभा राहिला. बायको ओले हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. ‘उ बॉय, उ बॉय!’ म्हणजे लढाईला, लढाईला. पुरुषांचा कोरस, आधी दबका, मग चढत चढत जाणारा. गोदीतली ती चाल हीच होती. मला त्या भाषेतला ‘धन्यवाद’ सोडून शब्द येत नव्हता, तरी मीही उभा राहिलो.

निघताना तोच संच विकत घेतला. बोटीवर केबिनमधल्या उकाड्यात शेवटची तबकडी कडेला वाकली. आजही त्या बाजूची सुरुवात लाटेवर डोलल्यासारखी येते. सुई आत सरकते तसा सूर थाऱ्यावर येतो, आणि कोरस आतल्या अंगाला असल्यामुळे तो स्वच्छ लागतो.

घरी आल्यावर पहिल्यांदा ती थोरल्या चुलतभावाला, दादाला ऐकवली. दादाकडे कपाटभर इटालियन ऑपेरा. अर्ध्या तासात म्हणाला, “हे व्हर्दीचं उष्टं आहे रे.” या ऑपेराचा संगीतकार इवान झायत्स मिलानला शिकला, पुढे व्हिएन्नात त्याने ऑपेरेटा, म्हणजे हलकेफुलके ऑपेरा, लिहिल्या, हे खरं. धाटणी इटालियन आहे, हेही खरं. पण घराण्याची तालीम घेतलेल्या गवयाला कुणी उष्टं म्हणतं का? गाणं कशासाठी गायलंय ते बघायला नको?

तर ते कशासाठी, ते ऐका. १५६६ साली तुर्कांचा सुलेमान सुलतान हंगेरीतल्या सिगेतच्या किल्ल्यावर चालून आला. आत क्रोएशियन सरदार निकोला झ्रिन्स्की, मूठभर लोकांनिशी. महिनाभर किल्ला लढला. तो ज्याच्यासाठी लढत होता त्या हॅब्सबर्ग सम्राटाची फौज मदतीला आलीच नाही. ही गोष्ट सांगितली की आपल्याकडे लगेच पावनखिंड काढतात. मला ते पटत नाही. बाजीप्रभूंना विशाळगडावरच्या तोफांची वाट पाहायची होती. सिगेतमध्ये कुणाच्याच तोफा वाजायच्या नव्हत्या. शेवटी दरवाजा उघडून उरलेले सगळे बाहेर पडले आणि बहुतेक कापले गेले. सुलेमान त्याआधीच तंबूत वारला होता, पण वजीर सोकोलोविचने ती बातमी फौजेपासून दडवून ठेवली.

आता हा ऑपेरा पहिल्यांदा झाला ते १८७६ चं झाग्रेब, क्रोएशियाची राजधानी, डोळ्यांपुढे आणा. राज्य ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याचं. ज्या घराण्यासाठी झ्रिन्स्की मेला, त्याच घराण्याने १६७१ मध्ये त्याच्या पणतूचं, पेतारचं, डोकं उडवलं. प्रेक्षकांना हे सांगावं लागत नव्हतं. त्यांच्यासमोर त्यांच्याच भाषेत तो कोरस उभा राहिला. दादा म्हणतो की ते गाणं शेवटी चिकटवलंय. उलट आहे. झायत्सने ते दहा वर्षं आधी, १८६६ मध्ये, व्हिएन्नातल्या क्रोएशियन विद्यार्थ्यांसाठी रचलं होतं, सिगेतला तीनशे वर्षं झाली तेव्हा. बी आधीचं आहे, ऑपेरा त्यातून वाढलाय. आणि १९१९ मध्ये कोबेला अडकलेल्या एका जहाजावरच्या सैनिकांकडून जपानी विद्यार्थ्यांच्या गायनवृंदाने ते उचललं. तिथे ते अजून गातात. उष्टं असतं तर इतकं लांब गेलं नसतं.

रेकॉर्डिंग कुठलं घ्यावं? झाग्रेबच्या ऑपेराचा स्वतःचा कोरस असलेलं घ्या. एकल गायक कमीजास्त चालतील, कोरस परका नको. निवडक गाण्यांची तबकडी घेऊ नका. संहिता शेजारी ठेवा, भाषांतर जमेल तसं. झ्रिन्स्कीची मुलगी येलेना आपल्या प्रियकराला, युरानिचला, म्हणते की शत्रूच्या हाती पडण्याआधी तूच मला मार, आणि तो मारतो. तो प्रवेश शब्द माहीत नसताना नुसता गोड वाटतो, म्हणून हे सांगतोय.

एक मात्र कबूल करतो. मधला भाग रेंगाळतो, तिथे दादाचं बरोबर आहे. तुर्कांची बाजूही एकांगी आहे, जरी म्हाताऱ्या सुलेमानला झायत्सने चांगलं गाणं दिलंय. आणि ‘उ बॉय’ आता फुटबॉलच्या मैदानावर ओरडतात, ते ऐकून त्या गाण्याबद्दल मत बनवू नका.

दादा आता ऐंशीचा आहे. गेल्या दिवाळीत मी त्याला पहिल्यापासून न ऐकवता एकदम शेवटची बाजू लावली. डोलणारा भाग संपेपर्यंत तो कपाळाला आठ्या घालून बसला होता. कोरस सुरू झाला आणि त्याने हात वर करून मला बोलू दिलं नाही. संपल्यावर म्हणाला, “परत लाव.”