बाबांचा छोटा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा आहे

प्रश्न : काका, नमस्कार. काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. बाबांनी १९८८ साली १८.५ हॉर्सपॉवरचा मित्सुबिशी शक्ती ट्रॅक्टर नवा कोरा घेतला. मी तेव्हा सात वर्षांची होते. आधी तो टेकडी गणपतीला नेला, नारळ फोडला, मग चालवत गावी आणला. रात्री कंदील घेऊन लोक पाहायला आले होते. मडगार्डवर बसून मी बाबांबरोबर बागेत जायची. बाबा गेल्यापासून, म्हणजे ११ वर्षं, तो शेडमध्ये एकाच जागी उभा आहे. पुण्याचा भाऊ म्हणतो काढून टाक, भंगारवाला १८ हजार देतो आहे. आई ‘राहू दे’ एवढंच म्हणते, का ते सांगत नाही. अमेरिकेतल्या मावसभावाने एका जुन्या कब कॅडेट गार्डन ट्रॅक्टरचा फोटो पाठवला. शेजाऱ्याच्या आजोबांनी नवा घेतलेला, अजून चालतो म्हणे. आमचाही चालेल का? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, चालेल. इतकी वर्षं उभं राहिलेलं डिझेल इंजिन बहुतेक वेळा आखडलेलं, म्हणजे आतून जाम झालेलं असतं, आणि आखडलेलं सुटतं. हिंगण्याच्या बाजूला वर्कशॉपमध्ये माझी सगळी नोकरी ट्रॅक्टर उघडण्यात गेली, म्हणून एवढ्या भरवशाने सांगतो. फक्त येत्या रविवारी नवी बॅटरी लावून चावी फिरवू नका. त्याआधी आईंजवळ बसा. का, ते पुढे सांगतो.

फोटोतल्या गाडीचं आपल्याशी एक नातं आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ साली घरामागच्या बागेसाठी कब कॅडेट काढला, सात हॉर्सपॉवरचा, एका सिलिंडरचा. दोन वर्षांनी जॉन डिअरचा ११० आला. गवत कापायचं, बर्फ सारायचा, भाजीचा वाफा नांगरायचा, अशी त्यांची कामं. त्याच १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने महिंद्राबरोबर भारतात ट्रॅक्टरची कंपनी उभी केली, आणि त्यातून आपल्याकडच्या कितीतरी वावरांत त्यांचा बी-२७५ ट्रॅक्टर फिरला. तिकडे आजोबांनी घेतलेला ट्रॅक्टर हौसेने जपतात, ते चांगलंच आहे. आपल्याकडे मात्र छोटा ट्रॅक्टर दारात आला तो बैलांच्या जागेवर. त्याच्या किमतीत बँकेचं कर्ज असायचं, आणि वरची मार्जिनची, म्हणजे आपल्या पदरची, रक्कम घरातून कशी काढली, ते घरातल्या बाईला माहीत असायचं.

आमच्या घरचं सांगतो. मोहपा भागात आमचीही संत्र्याची बाग होती. बाबांनी १९७९ साली नवा पॉवर टिलर घेतला. दोन दांड्या धरून मागे चालायचं, हँडल मारून सुरू करायचं. पूजेचा एक फोटो आहे. त्यात बाबा आहेत, काका आहेत, आमचा सालदार आहे, टिलरला झेंडूचा हार आहे. माय नाही. लहानपणी मला वाटायचं, ती स्वयंपाकात असेल. ती गेल्यावर तेराव्या दिवशी आत्याने सांगितलं की मार्जिनसाठी दोन जोड्यांपैकी एक जोडी बाजारात विकली होती. त्या जोडीतला पांढरा गोऱ्हा मायने हाताने पाजून वाढवला होता. जोडी गेल्यावर ती दिवसभर कोठ्यात बसून राहिली. त्या पोळ्याला आमच्या दारात एकच जोडी उभी होती, आणि शेजारी हार घातलेला टिलर. तो पोळा मला लख्ख आठवतो, पण मायचा चेहरा आठवत नाही, कारण मी टिलरकडे पाहत होतो.

१९९६ मध्ये तो टिलर किलोच्या भावाने गेला. मी कामावर होतो. बाबांना मी काही विचारलं नाही, मायलाही नाही. आता तिघा भावंडांत एकाला तो निळा आठवतो, एकाला लाल, आणि सांगणारं कोणी उरलेलं नाही.

म्हणून म्हणतो, आईंना विचारा. ‘का ठेवायचा’ असं विचारू नका, त्याला उत्तर येणार नाही. ‘ट्रॅक्टर आला त्या दिवशी घरी काय रांधलं होतं’ असं विचारा. पहिल्या बहाराचे पैसे आले तेव्हा हप्ता भरून काय उरलं, ते विचारा. बागेत पहिल्यांदा कुठे फसला, कोणाच्या बैलांनी ओढून काढला, तेही विचारा. आणि वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवा.

याचा इंजिनालाही उपयोग होतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका खेड्यातून छोटा डिझेल ट्रॅक्टर आला होता. मालक वारलेले, मुलाने दोन मिस्त्री केले, ट्रॅक्टर सुरू होईना. आम्हीही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढले, पंप पाहिला. तिसऱ्या दिवशी त्या घरच्या आजी मुलाबरोबर आल्या, थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “ते तं असं नाई करत होते. चावी मांगं फिरवून एकवीस मोजत, मंग सुरू करत.” आम्ही पाच-सात मोजून सोडत होतो. एकवीस मोजले आणि इंजिन धडधडलं. एक ग्लो प्लग (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारा) जळालेला होता, दुसरा अर्धमेला, म्हणून सिलिंडर तापायला वेळ लागत होता. मालकाने कित्येक वर्षं प्लग न बदलता मोजणी वाढवत नेली होती, आणि ती मोजणी फक्त आजींना पाठ होती. तुमच्या आईंकडेही असं काही असेल.

आता शेडमधलं काम. टाकीतलं सगळं डिझेल काढून टाका, तळाशी पाणी आणि चिकट गाळ निघेल. फिल्टर नवे घाला. एअर क्लीनर उघडा, उंदरांनी घर केलेलं असतंच. इंजिन ऑइल बदला, रेडिएटरमधलं गंजकं पाणी सोडा. मग मिस्त्रीकडून ग्लो प्लग किंवा नोझल काढून तिन्ही सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडा आणि दोन दिवस हात लावू नका. तिसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावा आणि हळूच फिरवून पाहा. नाही फिरला तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडा. घाईने लांब पाइप लावून ताकद केली की रिंगा तुटतात, आणि मग ट्रॅक्टर खरोखर भंगाराचा होतो.

एक गोष्ट मिस्त्रीला माझ्या नावाने बजावून सांगा. सुरू करण्याआधी इंजेक्शन पंपाचा बंद करण्याचा दांडा मोकळा हलतो का, ते पाहायचंच. जुन्या डिझेलच्या चिकटाने पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी, उघडा अडकला असेल तर सुरू होताच इंजिन भरमसाट वेगाने पळत सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. पहिल्या वेळी एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि हवेच्या तोंडावर दाबायला सपाट फळी घेऊन एक माणूस उभा ठेवा. हात किंवा कापड नको, आत ओढलं जातं. क्लच प्लेटही चिकटलेली असेल, त्यामुळे सुरू झाल्यावर लगेच गिअर टाकू नका.

रंग आत्ता लावू नका. मडगार्डवर तुम्ही बसायच्या तिथला रंग घासलेला असेल, तो तसाच राहू द्या. (आजच्या मुलांना मात्र तिथे बसवू नका. मडगार्डवरून पडून चाकाखाली आलेलं मूल मी पाहिलं आहे.)

कागद शोधा. आरसी बुक, मूळ बिल, पुस्तिका, कर्जाची पावती. नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, तेव्हा ती कधी संपली ते पाहा. मालक वारल्यावर नाव बदलायला आरटीओत नमुना ३१ भरतात, सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती. म्हणजे भावाची सही लागेलच. आरसीवर बँकेचा बोजा राहिला असेल तर तो आधी उतरवावा लागेल.

भावाला माझा निरोप द्या. १८ हजारांत त्याला बागेत जाणारं दुसरं यंत्र मिळणार नाही. संत्र्याच्या ओळींत मोठा ट्रॅक्टर घातला की खालच्या फांद्या मोडतात आणि खोडाला घासतो. त्या जखमेतून डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) शिरतो, मग मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावत बसा. झाडाची अन्न घेणारी मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात, खोल नांगरट त्यांना सोसत नाही. ओळीतून वाकून जाणारा, वरवर वखरणारा हलका ट्रॅक्टर हेच तुमच्या बाबांनी १९८८ साली ओळखलं होतं. तेव्हा ते वागणं धाडसाचं होतं. शेजारपाजारचे मोठ्या ट्रॅक्टरच्या मागे होते, आणि छोट्याला खेळणं म्हणणारे मी स्वतः ऐकले आहेत.

माझ्याकडे आमच्या टिलरबरोबर आलेल्या हत्यारांतला एकच १४-१७ चा पाना उरला आहे. अजून वापरतो. तुमच्या सीटखालच्या पेटीत बाबांची हत्यारं असतील तर ती त्याच ट्रॅक्टरच्या कामाला वापरा, आणि पुलीवर पाना लावाल तेव्हा आईंना खुर्ची टाकून शेजारी बसवा. नट फिरला की नाही, तेवढं मला लिहा. नाही फिरला तर पुढच्या अंकात इंजिनाचं हेड कसं उतरवायचं ते सविस्तर सांगतो.