"फॉर्म भरून काय उपयोग, पैसे काही येत नाहीत"

प्रवेशाच्या हंगामात शिष्यवृत्तीचं नाव काढलं की माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या पालकांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. मी सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक आहे. बारावी होऊन बाहेर पडलेली मुलंही अडलं की परत माझ्याकडेच येतात. अशीच आलेली एक मुलगी. तिला आपण मीरा म्हणू. तिच्या घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

2024 चा ऑगस्ट संपत आला होता. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, मीराला पुण्यातल्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरची जागा लागली होती. पेढे घेऊन येईल असं मला वाटलं होतं. ती आली ती रिकाम्या हाताने, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच तिने विचारलं, "मॅडम, ॲडमिशन रद्द केली तर भरलेले पैसे परत मिळतात का?"

असा प्रश्न आला की मी लगेच नियम सांगत नाही. रद्द करायचं कोणाच्या मनात आहे, हे आधी विचारते. पाचेक मिनिटं इकडचं तिकडचं झाल्यावर खरं बाहेर आलं. वर्षाची फी 1,20,000. कॉलेजने पहिला हप्ता म्हणून 50,000 मागितले होते. वडील तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात कामाला, गावाकडे तीन एकर जिरायत. आईने गंठण काढून रुमालात बांधून ठेवलं होतं, सोमवारी सोनाराकडे न्यायचं म्हणून. "आई काहीच बोलत नाही, मॅडम. रिकामा गळा झाकायला पदर सारखा ओढून घेते," मीरा म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

त्या दिवशी आम्ही अर्जाबद्दल फारसं बोललोच नाही. आपल्या शिक्षणापायी घर मोडतंय असं वाटणाऱ्या मुलीला शासन निर्णय वाचून दाखवण्यात अर्थ नसतो. तिला मी एवढंच सांगितलं, "रद्द करायचं की नाही ते मंगळवारी ठरवू. सोमवारी सोनाराकडे जायच्या आधी वडिलांना माझ्याकडे घेऊन ये."

सोमवारी दुकान उघडायच्या आधी ते आले. दुकानाच्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी कागदपत्रं होती. बोलताना त्यांनी खिशातला रुमाल काढून टेबलावर ठेवला आणि नकळत त्याची घडी घालायला लागले. कड कडेला जुळवायची, तळहाताने दाबायची, पुन्हा उलगडायची. वीस वर्षं साड्यांच्या घड्या घातलेला तो हात होता. शिष्यवृत्तीचं नाव काढलं तसा हात थांबला. "नको मॅडम. आमच्या थोरल्या भावाच्या पोरानं भरला हुता फॉर्म. हेलपाटं घातलं, पोरानं कालेजात चार-चार तास लाईन लावली. एक रुपाया नाय आला. दोन वर्षांत कालेज सुटलं त्याचं. आता एमआयडीसीत हाय."

त्यांच्या नकारामागे मानापमान असेल असं मी धरून चालले होते. बहुतेक घरांत तसंच असतं, हात पसरल्यासारखं वाटतं लोकांना. इथे मात्र स्वतःच्या घरात पोळलेल्या माणसाचा अनुभव होता, आणि "सगळं नीट होईल" असल्या दिलाशाने त्याला उत्तर मिळालं नसतं. मी पुतण्याबद्दल चार प्रश्न विचारले आणि जमलं तर त्याला घेऊन या म्हणून सांगितलं. मग मीराचा हिशेब कोऱ्या कागदावर मांडला.

मीरा ओबीसी प्रवर्गातली. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश घेतलेल्या ओबीसी मुलींना पूर्वी शिकवणी शुल्काची निम्मी सवलत होती. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींसाठी ती शंभर टक्के झाली, परीक्षा शुल्कासकट. मीराच्या 1,20,000 मध्ये शिकवणी शुल्क होतं 1,05,000. उरलेले 15,000 विकास शुल्क. ते या सवलतीत येत नाही, भरावंच लागतं. हॉस्टेल आणि मेस वेगळी. सगळं फुकट आहे असं मी कोणालाच सांगत नाही, कारण अर्धवट ऐकून गेलेलं घर दोन महिन्यांनी मेसच्या बिलापाशी येऊन कोसळतं.

वडील त्या 15,000 च्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एवढं तर शेठ उचल देतील."

सवलतीची रक्कम मुलीकडून आधी वसूल करायची नसते. पण तसं आपोआप होत नाही, मागावं लागतं. शासन निर्णयाची प्रत जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. कॉलेजने हमीपत्र मागितलं. त्यातल्या एका ओळीपाशी वडील अडले: शिष्यवृत्ती मंजूर न झाल्यास संपूर्ण शुल्क भरण्यास मी जबाबदार राहीन. "आणि नाय झाली तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तर भरावी लागेल, दादा. म्हणूनच अर्जात एक अक्षरही चुकायला नको." त्यांनी सही केली, आणि गंठण त्या सोमवारी घरीच राहिलं.

इथे मोठ्या बहिणीच्या हक्काने एक सांगते. याच आठवड्यात एका एजंटने त्यांना सुचवलं होतं, कॅपची जागा सोडा, यापेक्षा मोठ्या कॉलेजात संस्था स्तरावर, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातून, जागा मिळवून देतो. ती जागा घेतली असती तर सवलत गेली असती. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ही योजना लागूच नाही, आणि एजंट हे सांगत नाही.

पुढचे तीन आठवडे कागदांचे. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर हे प्रवेशासाठीच काढलेलं होतं. पण गुणपत्रिकेवर मीराच्या नावात इंग्रजी 'ई' दोनदा आणि आधारवर 'आय' एकदाच. बघायला केवढीशी गोष्ट, पण अर्ज त्यावरही अडू शकतो. आधार दुरुस्त करून घेतलं. मग खातं. मीरा म्हणाली, "बँकेत आधार दिलेलं आहे, मॅडम." जवळजवळ प्रत्येक मूल हेच म्हणतं. बँकेत केवायसीला आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधार त्या खात्याला जोडलेलं असणं वेगळं. दुसऱ्याला आधार सीडिंग म्हणतात, आणि ते एका वेळी एकाच बँकेला असतं, जिथे शेवटचं झालं तिथे. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन केलं की बँक सीडिंग स्टेटस दोन मिनिटांत दिसतं. मीराचं रिकामं होतं, कुठेच जोडलेलं नव्हतं. बँकेत जाऊन फॉर्म दिला. अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर भरला, सबमिट केला, प्रिंट कॉलेजात जमा झाली. मला वाटलं, आपलं काम झालं.

नोव्हेंबरच्या शेवटी मीराच्या आईचा फोन आला. मुलगी सहा दिवसांपासून घरी आहे, हॉस्टेलवर परत जायचं नाव घेत नाही, धड जेवत नाही. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. मीराने मोबाईल पुढे केला. मेसेज होता: अर्ज सेंड बॅक. "नाकारला, मॅडम. आता पप्पांना सगळे भरावे लागणार. त्यांनी सही केली आहे." वडिलांना तिने काहीच सांगितलं नव्हतं.

सेंड बॅक म्हणजे नाकारला नव्हे. कॉलेजच्या छाननीत काहीतरी त्रुटी दिसली, ती दुरुस्त करून अर्ज पुन्हा सबमिट करा, एवढाच त्याचा अर्थ. लॉगिन करून कारण पाहिलं तर उत्पन्नाचा दाखला आदल्या आर्थिक वर्षाचा जोडला गेला होता. तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांचा नवा दाखला, अपलोड. कामाला नऊ दिवस लागले. पण ते सहा दिवस त्या मुलीने जे सोसलं, त्यात माझा वाटा आहे असं मला आजही वाटतं. अर्ज भरून घेताना मी तिला सगळं सांगितलं होतं, फक्त तो परत येऊ शकतो आणि आला तर घाबरायचं नसतं, हे सांगायचं राहिलं होतं. आता मी प्रत्येक मुलाला अर्ज सबमिट करायच्या दिवशीच ते दोन शब्द वहीत लिहायला लावते. एक, सेंड बॅक: दुरुस्त करायचं. दुसरा, रिजेक्ट: कारण घेऊन लगेच शिष्यवृत्ती विभागात जायचं. आणि दर चार दिवसांनी स्वतः लॉगिन करून बघायचं, मेसेजची वाट बघायची नाही. दुरुस्तीलाही मुदत असते.

राहता राहिला मेसचा खर्च. शैक्षणिक कर्जाचा विचार झाला. 7.5 लाखांपर्यंत तारण लागत नाही, अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात, हे सगळं सांगितलं. पण वडिलांना कर्ज नको होतं आणि मी भरीस घातलं नाही. केंद्राची वर्षाला 12,000 रुपयांची शिष्यवृत्ती मीराला गुणांत बसत होती, पण फी माफी घेणाऱ्याला ती चालत नाही. बीए, बीएस्सीला गेलेल्या आणि दुसरी सवलत न घेणाऱ्या मुलांनी मात्र ती जरूर बघावी. बारावीच्या बोर्डात 80 पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे शंभरातल्या ऐंशी मुलांच्या पुढे) आणि उत्पन्न 4.5 लाखांच्या आत असायला हवं, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करायचा. मीराने शेवटी 'कमवा आणि शिका'त नाव घातलं, ग्रंथालयात तासावर काम. सुरुवातीला मैत्रिणी काय म्हणतील म्हणून ती कचरत होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांना राबून शिकायला शिकवलं, त्या साताऱ्याच्या मुलीने याची लाज धरावी हे मला सहन होईना. तसं मी तिला स्पष्ट बोललेही.

जानेवारीत अर्ज मंजूर झाला. वडिलांनी दुकानातून फोन केला, मागे गिऱ्हाइकांचा गलका होता, आणि ते नुसतं "झालं, मॅडम" म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी ते पुतण्याला घेऊन आले. पंचवीसच्या आतलाच मुलगा, कंपनीचा शर्ट घालून आलेला. 2020-21 चा त्याचा अर्ज आम्ही उघडला. निर्वाह भत्त्याची रक्कम वितरित झाल्याचं तिथे दिसत होतं. मग आधारचं सीडिंग स्टेटस काढलं. त्याच्या बँकेचं नाव नव्हतंच तिथे. एका पेमेंट्स बँकेचं होतं. तो चक्रावला, "माझं तिथं खातंच नाही." बऱ्याच वेळाने त्याला आठवलं, मोबाईलचं सिम घेताना दुकानदाराने दोनदा अंगठा लावून घेतला होता. त्यातल्या एका अंगठ्याने त्याच्या नकळत तिथे खातं उघडलं गेलं आणि आधारही तिकडेच जोडलं गेलं असणार.

त्या खात्यात चार हजारांच्या वर थोडे पैसे होते. त्या वेळी पैसे आले नाहीत म्हणून दुसऱ्या वर्षी त्याने अर्जच भरला नव्हता. नूतनीकरणाचा अर्ज दर वर्षी करावा लागतो. तो न केल्याने शिकवणी शुल्काची सवलतही गेली, थकबाकी वाढली आणि त्याने कॉलेज सोडलं. मीराचे वडील खाली बघून रुमालाची घडी घालत राहिले.

मुलाने पैशांबद्दल काही विचारलं नाही. थोडा वेळ गेला आणि म्हणाला, "मॅडम, आता परत शिकता येतं का?"

मध्ये पडलेल्या खंडामुळे जुनी सवलत त्याला मिळणं कठीण आहे, ते मी लपवलं नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची माहिती दिली, नोकरी न सोडता पदवी करता येते. त्याला रविवारी सुट्टी असते. बारावीची गुणपत्रिका आणि पहिल्या वर्षाचे निकाल घेऊन तो पुढच्या रविवारी येणार आहे.